इंग्रजीतला 'लर्न' कुठे वापरायचा आणि कुठे नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 'लर्न म्हणजे शिकणे, एवढंच माहीत होतं. पुण्यात आल्यावर ऑफिसात लर्निंग्ज, आरटीओत लर्निंग, कोर्टाच्या बातमीत लर्नेड, असं काय काय ऐकू येतं. परवा इंटरव्ह्यूत मी "आय ॲम लर्निंग इन थर्ड इयर" म्हणालो, तर समोरचे दोघे एकमेकांकडे बघून हसले. माझं चुकलं काय? आणि लर्न व स्टडी यांत फरक कोणता?'

आधी त्या हसण्याविषयी. तुमचं वाक्य त्या दोघांना पूर्ण कळलं होतं. कळल्यावर हसण्याचं काही कारण नव्हतं, आणि नोकरी मागायला आलेल्या मुलाला तर असं हसूच नये. मी नारायण पेठेत संध्याकाळी मराठी माध्यमातून आलेल्या मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवते. हे वाक्य जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये कुणाच्या तरी तोंडून येतंच, आणि ते अडाणीपणामुळे येत नाही. मराठीत ते वाक्य अगदी बरोबर असतं म्हणून येतं. 'मी तिसऱ्या वर्षाला शिकतोय' यात काय चूक आहे? काहीच नाही.

अडचण अशी की मराठीतलं 'शिकणं' फार ऐसपैस क्रियापद आहे. 'मुलगा काय करतो?' 'शिकतोय.' इथे शिकणं म्हणजे शाळा-कॉलेजात नाव असणं. 'आई सातवीपर्यंत शिकली' म्हणजे तेवढ्या इयत्ता पुऱ्या केल्या. 'ती पोहायला शिकली' म्हणजे तिला पोहता येऊ लागलं. 'त्या व्यवहारातून मी खूप शिकलो' म्हणजे अनुभवाने शहाणा झालो. आपल्याला या चारही ठिकाणी एकच शब्द पुरतो. इंग्रजीने ही कामं वाटून दिली आहेत. कॉलेजात असण्याला 'आय ॲम इन थर्ड इयर' किंवा 'आय ॲम स्टडिंग ॲट अमुक कॉलेज'. सातवीपर्यंत शिकण्याला 'शी स्टडीड अप टू सेव्हन्थ'. लर्न येतो तो शेवटच्या दोन ठिकाणी, जिथे आधी नव्हतं असं काहीतरी डोक्यात किंवा हातात उतरलं.

म्हणून वर्गात मी एक साधी कसोटी देते. तुमच्या मराठी वाक्यातलं 'शिकणं' काढा आणि तिथे 'येणं' बसवून बघा. 'मी गाडी शिकतोय', मला गाडी येऊ लागली आहे. बसलं, मग लर्न. 'ती तबला शिकली', तिला तबला येतो. बसलं, लर्न. 'मी फर्ग्युसनला शिकतोय', मला फर्ग्युसन येऊ लागलं आहे? नाही बसत. तिथे स्टडी. आपल्या भाषेत 'येणं' हे क्रियापद असल्यामुळे ही कसोटी मराठी माणसाला जमते. 'मला पोहता येतं' असं आपण म्हणतो, जणू ते पोहणं चालत आपल्यापर्यंत आलंय. लर्नचा गाभा तोच आहे.

स्टडी म्हणजे ते यावं म्हणून केलेली मेहनत. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये सकाळी सातला खुर्ची पकडून रात्री दहापर्यंत बसणारी स्पर्धा परीक्षांची मुलं करतात ती स्टडी. त्यातून जे डोक्यात टिकलं, उद्या विचारलं तर सांगता येईल असं जे झालं, तेवढं लर्न. 'आय स्टडीड द होल नाइट बट लर्न्ट नथिंग' हे वाक्य इंग्रजीत अगदी सहज बोललं जातं. मराठीत त्याचं 'रात्रभर अभ्यास केला पण डोक्यात काही शिरलं नाही' असं होईल. बघा, इथे आपणही लर्नसाठी 'शिकणं' वापरलं नाही.

भाषांच्या बाबतीत मात्र दोन्ही चालतात आणि अर्थ थोडा सरकतो. पुण्यात जर्मन आणि जपानीचे क्लास भरपूर आहेत, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये तर परदेशी भाषांचे अभ्यासक्रम कितीतरी वर्षांपासून चालतात. 'आय ॲम लर्निंग जर्मन' म्हणालात तर ऐकणाऱ्याला वाटेल, बोलता-वाचता यावं म्हणून चाललंय. 'आय ॲम स्टडिंग जर्मन' म्हणालात तर वाटेल, विषय म्हणून घेतलाय, परीक्षा आहे, कदाचित पदवी आहे. दोन्हींत चूक काहीच नाही.

एक उदाहरण मी नेहमी देते, कारण ते आपल्या पायाखालच्या मातीतलं आहे. बुधवार पेठेत भिडेवाड्यात १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली. सावित्रीबाईंना लग्न झालं तेव्हा अक्षरओळख नव्हती, जोतिरावांनी त्यांना घरी शिकवलं. पुढे त्यांनी शिक्षिका होण्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलं आणि मग त्या शाळेत शिकवू लागल्या. आता हे इंग्रजीत सांगा. 'शी लर्न्ड टू रीड ॲट होम. शी वॉज ट्रेन्ड ॲज अ टीचर. देन शी टॉट गर्ल्स.' घरी वाचायला येऊ लागलं ते लर्न, एका कामासाठी ठरवून तयार केलं गेलं ते ट्रेन, दुसऱ्याला दिलं ते टीच. एका आयुष्यात तिन्ही क्रियापदं आपापल्या जागी दिसतात, आणि वर्गातल्या बायका हे उदाहरण विसरत नाहीत.

यातला लर्न आणि टीचचा गोंधळ वेगळा सांगायला हवा. मराठीत 'शिकणे' आणि 'शिकवणे' यांत एका 'व'चा फरक, त्यामुळे 'सर लर्न मी इंग्लिश' असं निघून जातं. आजच्या प्रमाण इंग्रजीत ते चूकच. देणारा टीच करतो, घेणारा लर्न करतो. गंमत अशी की काही शतकांपूर्वी इंग्रजीत लर्नचा अर्थ 'शिकवणे' असाही होता. बोलीभाषेत अजून कुणी कुणाला दम देताना 'दॅट विल लर्न यू' म्हणतं, म्हणजे 'चांगली अद्दल घडेल'. तेव्हा आपले लोक करतात ती गफलत खुद्द इंग्रजांच्या बोलीतही आहे. इंटरव्ह्यूत मात्र टाळा.

आता तो अर्थ, जो शाळेत कुणी सांगत नाही आणि वर्तमानपत्रात रोज भेटतो. लर्न म्हणजे कळणे, समजणे. इंग्रजी बातमीत 'इट इज लर्न्ट दॅट...' असं येतं, तेव्हा तिथे कुणीही काही शिकलेलं नसतं. मराठी बातमीतलं 'असे समजते' ते हेच. 'आय लर्न्ड दॅट द ऑफिस हॅज शिफ्टेड टू खराडी' म्हणजे ऑफिस खराडीला हलल्याचं मला कळलं. आपल्याकडे याच जागी 'आय केम टू नो' फार चालतं. ते चुकीचं नाही, फक्त दर वेळी तेच वापरलं की बोलणं जड होतं. कुणाच्या घरी दुःखद घटना घडली तर पत्रात 'आय वॉज सॉरी टू लर्न ऑफ युअर फादर्स डेथ' असं लिहितात. इथला 'ऑफ' लक्षात ठेवा, कारण एखादी बातमी कानावर आली असं सांगताना तो लागतो.

पाठ करणं हाही लर्नच. पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या दिवसांत कॉलेजची मुलं जिन्यात, कँटीनमध्ये, गाडीवर मागे बसून संवाद म्हणत असतात ना, ते 'लर्निंग देअर लाइन्स'. तिथे स्टडी म्हणायचं नाही. 'बायहार्ट कर' हे मात्र आपण मराठीत तयार केलेलं क्रियापद आहे. घरात खुशाल म्हणा, पण इंग्रजी वाक्यात 'आय बायहार्टेड इट' होत नाही, 'आय लर्न्ट इट बाय हार्ट' होतं. अर्थ न कळता नुसती घोकंपट्टी असेल तर 'लर्न्ट बाय रोट', आणि त्यात थोडी नापसंती असते. पाढे बाय हार्ट आले तर कौतुक, इतिहासाची उत्तरं बाय रोट आली तर टीका.

'लर्न युअर लेसन' म्हणजे चटका बसून शहाणं होणं. आपलं 'धडा मिळाला' आणि हे इतकं सारखं आहे की जास्त सांगायची गरज नाही.

आरटीओतलं 'लर्निंग' हा आपला पुणेरी नव्हे, अख्ख्या महाराष्ट्राचा शब्द आहे. 'लर्निंग काढलं का?' असं संगम पुलाजवळच्या आरटीओत कुणालाही विचारा, बरोबर उत्तर मिळेल. कायद्यातला शब्द आहे लर्नर्स लायसन्स, म्हणजे शिकाऊ माणसाचा परवाना. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे तो सहा महिने चालतो, आणि मिळाल्यापासून तीस दिवस झाले की पक्क्या परवान्यासाठी चाचणी देता येते. गाडीला पांढऱ्या पाटीवर लाल एल लावायचा, तो एल लर्नरचा. लर्नर म्हणजे शिकणारा, कुठल्याही वयाचा. स्टुडंट म्हणजे कुठेतरी नाव घातलेला विद्यार्थी. साठ वर्षांच्या आजी स्कूटर शिकायला लागल्या तर त्या लर्नर होतात, स्टुडंट नाही. बोलताना 'लर्निंग लायसन्स' म्हणा, सगळे म्हणतात. इंग्रजीत अर्ज लिहिताना तेवढं लर्नर्स लिहा.

कोर्टाच्या बातमीतलं 'लर्नेड' हे सगळ्यात फसवं. दिसायला लर्नचा भूतकाळ, पण ते विशेषण आहे आणि उच्चारही वेगळा. भूतकाळाचा 'लर्न्ड' एका दमात म्हणायचा, विशेषणाचा 'लर्-निड' दोन तुकड्यांत. अर्थ विद्वान. शिवाजीनगरच्या न्यायालयात एक वकील समोरच्या वकिलाला 'माय लर्निड फ्रेंड' म्हणतो, तो त्या पेशाचा रिवाज आहे, मनात काहीही असो. म्हणून 'आमच्या घरात सगळे शिकलेले आहेत' याचं 'लर्निड' करू नका, ऐकणाऱ्याला वाटेल घरात सगळे शास्त्री-पंडितच आहेत. तिथे 'एज्युकेटेड'. आणि 'लर्न्ट' की 'लर्न्ड' हा वाद डोक्यात ठेवू नका. ब्रिटिश लिखाणात दोन्ही दिसतात, अमेरिकी लिखाणात 'लर्न्ड'. एका पत्रात एकच ठेवलं की झालं.

ऑफिसातलं 'लर्निंग्ज'. हिंजवडीत एखादा प्रोजेक्ट संपला की 'की लर्निंग्ज' नावाची एक स्लाइड असतेच. या अनेकवचनावर इंग्रजीच्या जाणकारांतही नाराजी आहे, आणि मी त्यांच्या बाजूची आहे. लर्निंग हे नाम एरवी मोजायचं नसतं, जसं आपण 'ज्ञानं' म्हणत नाही. 'व्हॉट वी लर्न्ड' किंवा 'लेसन्स' लिहिलं की वाक्य स्वच्छ होतं. पण तुमच्या ऑफिसात सगळे लिहीत असतील तर नव्या माणसाने तिथे भांडू नये. तिथलंच 'स्टीप लर्निंग कर्व्ह' म्हणजे काम शिकायला चढण कठीण आहे, असा आजचा वापर. आलेखात बघितलं तर उभी चढणारी रेघ म्हणजे झपाट्याने शिकणं व्हायला हवं, पण वापराने अर्थ उलटा फिरवला आणि तोच रूढ झाला.

मशीन लर्निंगचं एवढंच सांगते, कारण त्यात तुमच्या प्रश्नाचं उत्तर लपलं आहे. आयबीएममधल्या आर्थर सॅम्युएल यांनी १९५९ साली चेकर्सचा खेळ खेळता खेळता सुधारत जाणाऱ्या संगणकावर एक लेख प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकात 'स्टडीज' आणि 'मशीन लर्निंग' हे दोन्ही शब्द आहेत. अभ्यास माणसाने केला म्हणून स्टडीज, खेळ यंत्राला येऊ लागला म्हणून लर्निंग.

आणि आता जिथे हा फरक शब्दांच्या पलीकडे जातो ती गोष्ट. लर्निंग डिसॅबिलिटी. पालकांच्या कानावर हा शब्द पडला की ते त्याचा अर्थ 'अभ्यासात कच्चा' असा लावतात, आणि तिथून मुलाचे हाल सुरू होतात. माझ्या वर्गात एक आई यायची. तिचा मुलगा चौथीत. ती रोज दोन तास त्याला घेऊन बसायची. तो 'कमल' वाचायचा आणि त्याच पानावर चार ओळींनंतर पुन्हा 'कमल' आला की अडायचा, जणू ती अक्षरं पहिल्यांदाच बघतोय. तोंडी गोष्ट विचारली की सगळी सांगायचा, पात्रांच्या आवाजासकट. घरचे म्हणायचे लक्ष देत नाही, आळशी आहे, मार दे. शाळेतून लर्निंग डिसॅबिलिटीची तपासणी करा अशी चिठ्ठी आली तेव्हा ती मला म्हणाली, 'ताई, अभ्यास तर मी रोज घेते, मग ही कसली डिसॅबिलिटी?'

तिच्याच प्रश्नात उत्तर होतं. डिसॅबिलिटी लर्निंगची आहे, स्टडीची नाही. स्टडी ते मूल करतंय, इतरांपेक्षा जास्त करतंय. पण अक्षरं ओळखीची होण्याची जी वाट इतर मुलांना आपोआप सापडते ती त्याला सापडत नाही. वाचनात अडचण असेल तर डिस्लेक्सिया, लिहिण्यात असेल तर डिसग्राफिया, आकड्यांत असेल तर डिसकॅल्क्युलिया म्हणतात. बुद्धी कमी असण्याशी याचा संबंध नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात या विशिष्ट अध्ययन अक्षमतांचा समावेश आहे, आणि प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात. मुलाला 'अजून दोन तास बस' म्हणण्याने काही होत नाही. शिकवण्याची रीत बदलावी लागते. लर्न आणि स्टडी यांतला फरक माहीत नसल्याने एखाद्या मुलाला मार बसत असेल, तर तो फरक व्याकरणाच्या तासापुरता राहत नाही. म्हणून मी यावर इतकं लिहिलं.

राहिला तुमचा इंटरव्ह्यू. 'आय ॲम इन माय थर्ड इयर' एवढं म्हणा, क्रियापदाची भानगडच नको. पण लर्न तुम्हाला तिथे लागणारच आहे, कारण पुढचा प्रश्न हमखास 'व्हॉट डिड यू लर्न?' असा असतो. अप्रेंटिसशिप केली, इंटर्नशिप केली, तिथे काय शिकलात? इथे लर्नच्या पुढे कोणता शब्द येतो त्यावर तुमची किंमत ठरते. 'लर्न अबाउट' म्हणजे माहिती झाली. 'लर्न टू' किंवा 'लर्न हाऊ टू' म्हणजे करता येतं.

आयटीआय करून चाकणच्या एका कारखान्यात वर्षभर काम केलेला एक मुलगा माझ्याकडे तयारीला आला होता. तो म्हणायचा, 'आय लर्न्ड अबाउट सीएनसी मशीन' (संगणकाच्या हुकमावर धातू कापणारं मशीन). हे तर ज्याने मशीन दुरून पाहिलं तोही म्हणेल. मी त्याला मराठीत विचारलं, 'तुला काय काय येतं?' त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली: जॉब (घडवायचा तुकडा) मशीनच्या चकमध्ये बांधता येतो, टूल बदलता येतो, ऑफसेट देता येतो, ड्रॉइंग वाचता येतं, व्हर्नियरने माप घेता येतं, पहिला पीस तपासून पास-नापास सांगता येतं. मग आम्ही प्रत्येक 'येतं'च्या जागी 'आय लर्न्ड टू' ठेवलं. आय लर्न्ड टू सेट द टूल ऑफसेट. आय लर्न्ड टू रीड द ड्रॉइंग. आय लर्न्ड टू चेक द फर्स्ट पीस. वाक्यं छोटी, व्याकरण सोपं, आणि ऐकणाऱ्याला कळतं की या मुलाचे हात मशीनला लागलेले आहेत.

तुम्हीही आज रात्री कागद घ्या आणि आधी मराठीत लिहा, 'मला काय काय येतं'. तिसऱ्या वर्षापर्यंत आलात म्हणजे सात-आठ ओळी सहज निघतील. त्या इथे उत्तराखाली लिहिल्यात तर इंग्रजीत कशा सांगायच्या ते मी बघून देईन.